आयर्लंडचे जमीनदार आणि गावाच्या आठवणी

'बॉयकॉट' हा शब्द आपण इतक्या सहज वापरतो, की ते मुळात एका माणसाचं आडनाव आहे हे सांगूनही बऱ्याच जणांना खरं वाटत नाही. शाळेत लोकमान्यांची चतुःसूत्री शिकवताना मी फळ्यावर 'बहिष्कार' लिहायचे, त्याच्या शेजारी 'बॉयकॉट' लिहायचे आणि विचारायचे, "हा कोण, सांगा बघू?" मागच्या बाकावरून हमखास उत्तर यायचं, "क्रिकेटवाला!" तेव्हा जेफ्री बॉयकॉट खेळत होता, मुलांची तरी काय चूक?

तर हा दुसरा बॉयकॉट, कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट, आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या मेयो परगण्यात लॉख मास्क नावाच्या तळ्याकाठी राहायचा. तो जमीनदार नव्हता. जमीनदार होते लॉर्ड अर्न, आणि हा त्यांचा कारभारी. सलग वाईट वर्षांनी कुळं टेकीला आली होती. १८८० साली त्यांनी खंडात २५ टक्के सूट मागितली. लॉर्डसाहेब १० टक्क्यांच्या पुढे सरकेनात. खंड न देणाऱ्यांना घराबाहेर काढायच्या नोटिसा कारभाऱ्यानं बजावायला घेतल्या. त्याच सप्टेंबरात पार्नेल या पुढाऱ्यानं एनिस गावच्या सभेत सांगितलं होतं, की हुसकावलेल्या माणसाची जमीन जो घेईल त्याला मारू नका, त्याच्याशी बोलणंच बंद करा. लोकांनी ते कारभाऱ्याला लावलं. मजूर शेत सोडून गेले, दुकानदार माल देईनात. शेवटी उत्तरेकडून ५० मजूर आणावे लागले आणि त्यांच्या रक्षणाला हजारभर शिपाई-पोलीस. सुमारे ५०० पौंडांचं पीक काढायला सरकारचे १०,००० पौंडांच्या आसपास खर्च झाले, असं सांगतात. वर्ष संपायच्या आत बॉयकॉटसाहेबांनी गाव सोडलं.

यात मला नेहमी एका गोष्टीची गंमत वाटते. जमीन ज्यांची, त्या लॉर्ड अर्नचं नाव आज कुणाला आठवत नाही. राहिलं ते कारभाऱ्याचं नाव. गावाची आठवण अशीच असते. कागदावर मालक कोण, यापेक्षा दारात कोण येऊन उभा राहिला हे तिच्या जास्त लक्षात राहतं.

आता या वयात मी आयर्लंडच्या मागे का लागले, असं आमच्या घरातल्या मंडळींना वाटत असेल. माझी धाकटी लेक नोकरीनिमित्त गॉलवेला असते. तिच्याकडे दोनदा राहून आले. तिथल्या खेड्यांत फिरताना, वाचनालयात बसून वाचताना, लोकांशी मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलताना जे मनात साठलं, ते लिहून टाकावं म्हटलं. आणि त्यातून एक मतही तयार झालं आहे. ते शेवटी सांगते.

आधी थोडी पार्श्वभूमी. १८७० च्या सुमाराला आयर्लंडमध्ये स्वतःच्या मालकीची जमीन कसणारे शेतकरी शंभरात जेमतेम तीन होते. बाकी सगळी कुळं. कित्येक जमीनदार इंग्लंडात राहायचे, कारभारी खंड गोळा करून पाठवायचा. त्याआधी १८४५ पासून बटाट्यावर करपा पडून जो दुष्काळ झाला, त्यात सुमारे दहा लाख माणसं मेली आणि तितकीच किंवा त्याहून जास्त देश सोडून गेली. अशा वेळी, १८४७ मध्ये, पार्लमेंटनं एक कलम घातलं. ज्याच्याकडे पाव एकराहून जास्त जमीन असेल त्याला सरकारी मदत नाही. पाव एकर म्हणजे आपल्या हिशोबात दहा गुंठे! दहा गुंठ्यांवरची जमीन सोडून दे, मग पोरांना पेज मिळेल. शिवाय चार पौंड किंवा त्याहून कमी आकारणीच्या जमिनीवरचा गरिबांसाठीचा कर कुळाऐवजी जमीनदारानं भरायचा, असा नियम होता. म्हणजे लहान कूळ जमिनीवर असणं हाच मालकाला तोटा. मग काय होणार? घरांची छपरं उतरवली गेली. माणसं पुन्हा येऊन राहू नयेत म्हणून छपरं उतरवायची.

हे सगळं इतिहासाच्या पुस्तकांत आहे. पण गावातल्या लोकांना ते कसं आठवतं, हे कळण्याचं एक विलक्षण साधन त्या देशाकडे आहे. माझ्यासारख्या मास्तरणीला त्याचं फार अप्रूप वाटलं. १९३५ मध्ये तिथे आयरिश लोकसाहित्य मंडळ स्थापन झालं. त्यांनी १९३७ ते १९३९ या काळात स्वतंत्र आयर्लंडच्या २६ परगण्यांतल्या सुमारे ५,००० प्राथमिक शाळांना कामाला लावलं. वरच्या वर्गातल्या ११ ते १४ वर्षांच्या मुलांनी निबंधाऐवजी घरी जाऊन आजी-आजोबांना, शेजारच्या म्हाताऱ्यांना विचारायचं आणि वहीत उतरवून आणायचं. विषय ठरवून दिलेले असायचे. जुने खेळ, औषधं, भुतांच्या गोष्टी, दुष्काळाचे दिवस... आणि त्यातच एक विषय, 'आपल्या भागातला जमीनदार'. अशी सुमारे ७ लाख ४० हजार पानं जमली. आज ती संगणकावर कुणालाही वाचता येतात.

हिशोब करून बघा. १९३७ साली सत्तर वर्षांचा म्हातारा म्हणजे १८६७ चा जन्म. बॉयकॉटची गोष्ट घडली तेव्हा तो तेरा वर्षांचा. म्हणजे लहानपणी पाहिलेलं त्याला आठवत होतं, आणि दुष्काळातलं आई-बापांच्या तोंडून ऐकलेलं होतं. त्या वेळी ते लिहून घेतलं नसतं तर दहा-वीस वर्षांत सगळं मातीत गेलं असतं. मुलांच्या त्या वह्या वाचताना जाणवतं, की ती म्हातारी माणसं जमीनदाराची सरळ दोन गटांत विभागणी करतात. चांगला आणि वाईट. खंड कुणी माफ केला, कुणी घरं पाडली, कुणाच्या पाठीमागे कुठला शाप लागला, त्याची इस्टेट पुढे कधी वाटली गेली. हे एवढंच. वारसाहक्क, कर्ज, कायदा यांच्याशी त्यांना काही देणंघेणं नाही.

अशा तोंडी आठवणींना किंमत किती द्यायची? आमच्या कॉलेजातले प्राध्यापक म्हणायचे, कागद असेल तर इतिहास, नाहीतर गोष्ट. पण आयर्लंडात कागद कुणाकडे होते? जमीनदाराच्या कचेरीत, कारभाऱ्याच्या वहीत, सरकारी दप्तरात. कुळाकडे काय होतं? कुळाकडे आठवण होती. कागदालाच मान द्यायचा म्हटलं, तर अर्धा इतिहास मालकाच्या बाजूनं लिहिला जाणार हे उघड आहे.

एक उदाहरण सांगते. डोनेगॉल परगण्यात डेरीव्हे नावाचा डोंगराळ भाग आहे. तिथल्या जॉन जॉर्ज अडेअर या जमीनदाराचा शिकारीच्या हक्कावरून, चोरीला गेलेल्या मेंढ्यांवरून कुळांशी वाद चालला होता. १८६० च्या शेवटी त्याचा एक कारभारी मारला गेला. कुणी मारलं ते सिद्ध झालं नाही. अडेअरनं १८६१ च्या एप्रिलमध्ये ४७ कुटुंबं, एकूण २४४ माणसं, पोलिसांच्या बंदोबस्तात बाहेर काढली. काही वर्कहाऊसमध्ये गेली, म्हणजे गरिबांना कोंडून काम देणाऱ्या सरकारी आश्रमात. बरेच तरुण पुढे ऑस्ट्रेलियाला गेले. नंतर अडेअरनं तिथेच तळ्याकाठी किल्ल्यासारखा वाडा बांधला. आज ते राष्ट्रीय उद्यान आहे. लोक बाग बघायला, हरणं बघायला येतात. पण त्या वाड्याला शाप आहे असं तिथे सांगितलं जात आलं. शाप खरा की खोटा हा प्रश्नच नाही. ती २४४ माणसं कुणी विसरू नयेत म्हणून गावानं शापाची गोष्ट धरून ठेवली, असं मला वाटतं.

आणि कधीकधी कागद आणि आठवण एकमेकांना भेटतात. रॉसकॉमन परगण्यातल्या स्ट्रोक्सटाऊनचा जमीनदार मेजर डेनिस महोन. त्यानं १८४७ मध्ये आपल्या १,४९० कुळांना कॅनडाला पाठवलं. आधी डब्लिनपर्यंत चालत, मग जहाजानं. त्यांतली कित्येक वाटेत आणि उतरल्यावर तापानं मेली. त्याच वर्षी २ नोव्हेंबरला महोनला गोळ्या घालून मारलं. पुढे १९७९ मध्ये ती इस्टेट कुणी विकत घेतली, तर गावातल्याच एका गॅरेजवाल्यानं, धंद्यासाठी जागा हवी म्हणून. वाड्यात त्याला जुन्या कागदांचे गठ्ठे सापडले. त्यात क्लूनाही या वाडीच्या कुळांनी १८४६ साली केलेला अर्ज होता, आम्ही उपाशी आहोत, काम द्या म्हणून. त्या माणसानं कागद फेकून दिले नाहीत. १९९४ मध्ये त्या वाड्याच्या आवारात दुष्काळाचं संग्रहालय उघडलं. मालकाच्याच कपाटात कुळाचा आवाज जपून राहिला होता!

आता दुसरी बाजू. आठवण रंग भरते, हेही खरं. डोनेगॉलचाच लॉर्ड लीट्रिम, तिसरा अर्ल. २ एप्रिल १८७८ रोजी त्याचा खून झाला. मारेकरी फॅनड भागातले तिघे. त्यांच्या नावानं १९६० मध्ये तिथे क्रूस उभारला गेला. लीट्रिम तापट होता, कुळांना हुसकावायचा, हे कागदांतही आहे. पण गावोगाव सांगत ते वेगळंच. कुळांच्या मुलींची अब्रू त्याच्या हातून सुरक्षित नव्हती, म्हणून त्याला मारलं. अलीकडच्या अभ्यासकांना या गोष्टीला भक्कम पुरावा सापडलेला नाही. मग ती खोटी म्हणून टाकून द्यायची का? मला तसं वाटत नाही. लीट्रिमबद्दल ती पुरावा होऊ शकत नाही हे मान्य. पण ज्या घराचं छप्पर दुसऱ्याच्या मर्जीवर आहे, त्या घरातल्या आईबापांना लेकीबद्दल कसली भीती वाटत होती, हे तिच्यातून कळतं.

पण मंडळी, मला सगळ्यात जास्त अस्वस्थ केलं ते रंग भरण्यानं नव्हे, गप्प बसण्यानं.

लेकीच्या ओळखीतल्या एका वयस्क शेतकऱ्याकडे मेयोत आम्ही चहाला गेलो होतो. ऐंशी ओलांडलेले आजोबा, पण काटक. त्यांनी कुंपणाशी उभं राहून दूरवरचे दगडांचे ढीग दाखवले. इथे अमक्याचं घर होतं, तिथे तमक्याचं. कुठल्या कारभाऱ्यानं काढलं, कुणाची म्हातारी त्या रात्री बांधावर मेली, सगळं त्यांच्या जिभेवर. मी सहज विचारलं, "मग हे शेत आता कोण कसतं?" ते जरा थांबले. म्हणाले, "आम्हीच." आणि लगेच पावसाचा विषय काढला.

त्या आजोबांवर माझा काही आरोप नाही. त्यांच्या पणजोबांनी ते शेत कसं घेतलं मला ठाऊक नाही, कदाचित रीतसर घेतलंही असेल. पण प्रश्न मात्र डोक्यातून जाईना. हुसकावलेल्यांची जमीन गेली कुठे?

जनगणनेचे आकडे बोलके आहेत. १८४१ मध्ये एक ते पाच एकरांची सुमारे ३ लाख १० हजार शेतं होती. दहा वर्षांनी, दुष्काळानंतर, राहिली ८८ हजार. आणि तीस एकरांवरची शेतं सुमारे ४९ हजारांवरून जवळजवळ दीड लाखावर गेली. लहान्यांचे तुकडे मोठ्यांच्या शेतांना जोडले गेले. हे मोठे म्हणजे सगळे लॉर्ड नव्हते, त्यांत कितीतरी शेजारी होते. कर्जबाजारी जमीनदारांच्या इस्टेटी विकायला १८४९ मध्ये कायदा झाला, तेव्हाही विकत घेणारे बहुतेक आयरिशच होते. शिवाय मोठं कूळ स्वतः पोटकुळं ठेवायचं, आणि गावातला सावकार-दुकानदार उधारीवर गाव बांधून ठेवायचा. पण आठवणीत मुख्य खलनायक राहिला तो परका जमीनदार. त्याला शिव्या देणं सोपं. तो दूर होता, धर्मानं बहुधा वेगळा होता, आणि पुढे निघूनही गेला. सावकाराची नातवंडं गावातच आहेत, रविवारी त्याच चर्चमध्ये शेजारी बसतात. दुसऱ्याला हुसकावून रिकामी झालेली जमीन घेणाऱ्याला तिथे 'ग्रॅबर' म्हणत, आणि तो डाग पिढ्यान्‌पिढ्या राहायचा. पण ते नाव कुजबुजत घेतलं जायचं, मोठ्यानं नाही.

आणि अगदी तळाचे, ज्यांच्याकडे मजुरीच्या बदल्यात मिळालेली झोपडी आणि बटाट्यापुरता तुकडा होता, ते दुष्काळात मेले किंवा बोटीत बसले. त्यांची आठवण सांगायला गावात कुणी उरलंच नाही. शाळेतल्या मुलांनी १९३७ मध्ये ज्या आजोबांना विचारलं, ते टिकून राहिलेल्यांचे वंशज होते.

जमीनदारी गेली ती हळूहळू. १८७९ मध्ये लॅण्ड लीग उभी राहिली. तिचा प्राण होता मायकेल डॅव्हिट. चार वर्षांचा असताना त्याच्या कुटुंबाला मेयोतल्या घरातून बाहेर काढलं होतं, आणि अकराव्या वर्षी इंग्लंडातल्या कापडगिरणीत त्याचा उजवा हात गेला. १८८१ च्या कायद्यानं वाजवी खंड, जमिनीवर कायम राहण्याचा हक्क आणि तो हक्क विकण्याची मुभा मिळाली. १९०३ च्या कायद्यानं सरकारनं पैसे पुरवले, जमीनदारांना वर १२ टक्के बक्षिसी दिली आणि कुळांनी ते पैसे साडेअडुसष्ट वर्षांच्या हप्त्यांत फेडायचे ठरले. १९२९ पर्यंत शंभरातले सत्त्याण्णव शेतकरी मालक झाले होते. केवढा मोठा बदल! पण डॅव्हिटला हे नको होतं. जमीन राष्ट्राची असावी, असं त्याचं म्हणणं होतं. ते कुणी ऐकलं नाही. कुळाला मालक व्हायचं होतं, आणि मजूर मजूरच राहिला. पुढे लॅण्ड कमिशननं उरलेल्या इस्टेटी वाटल्या. कुणाला मिळाल्या, कुणाला नाही, यावरून गावोगाव रुसवेफुगवे झाले. ते कमिशन १९९९ मध्ये संपलं, पण त्याची दप्तरं कित्येक दशकं अभ्यासकांना सहज पाहायला मिळत नव्हती. जमीनदारांचे कागद काचेखाली आणि वाटपाचे कागद कुलपात!

माझं मत असं आहे. गावाच्या आठवणी जपल्याच पाहिजेत, कारण ज्यांच्याकडे कागद नव्हते त्यांचं दुसरं काही उरलेलं नाही. पण त्या नुसत्या जपून भागत नाही. प्रत्येक आठवणीला एक प्रश्न विचारायचा, 'नंतर ती जमीन कुणाला मिळाली?' ज्या आठवणीला हा प्रश्न चालत नाही, तिथे काहीतरी झाकलेलं आहे असं समजावं.

आणि हे फक्त आयरिश लोकांना लागू नाही, म्हणून तर लिहायला बसले. लॉर्ड लॅन्सडाउन हे नाव आपल्याला संमतिवयाच्या कायद्याच्या वेळचे, म्हणजे १८९१ चे व्हाइसरॉय म्हणून माहीत आहे. तिकडे लीश परगण्यातल्या लगाकरन गावात ते आठवतात ते कुळांना हुसकावणारे जमीनदार म्हणून. तिथल्या कुळांना १८८७ मध्ये बाहेर काढलं, आणि पुढच्याच वर्षी साहेब हिंदुस्थानचा कारभार बघायला इकडे आले. एकच माणूस, पण आठवण कुठल्या गावात ठेवली त्यावर त्याचं रूप ठरतं.

माझं माहेर रत्नागिरीकडचं, खोताचं घर. लहानपणी आमच्याकडे एकच गोष्ट ऐकली, कूळकायदा आला आणि कुळांनी जमिनी खाल्ल्या. १ एप्रिल १९५७ ही तारीख आमच्या घरात सुतकासारखी उच्चारली जायची. बाबासाहेबांनी १९३७ मध्ये खोती नष्ट करण्याचं विधेयक आणलं होतं, चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून सहा वर्षं संप केला होता, हे मला घरात नाही, पुस्तकांत कळलं. आमच्या ओटीवरची गोष्ट खोटी नव्हती. आजीचे हाल झाले ते खरेच होते. पण त्याच वर्षांची दुसरी गोष्ट खालच्या वाडीत सांगितली जात असणार, आणि ती आमच्यापैकी कुणी कधी ऐकलेली नाही.

आयर्लंडात निदान शाळेतल्या मुलांना पाठवून कुळांच्या बाजूचं लिहून घेतलं गेलं. आपल्याकडे असं गावोगाव कुणी केलं असेल तर मला वाचायला आवडेल.

असो. लांबलं जरा. आता माझ्या माहेरच्या मंडळींना एक विनंती. आपल्या आजोबांकडे कोणकोणती कुळं होती, त्यांची नावं जुन्या फेरफारांत सापडतील. ती उतरवून मला पाठवा. आणि उन्हाळ्यात गावी जाल तेव्हा खालच्या वाडीत त्या घरांतलं कुणी म्हातारं माणूस असेल, तर त्याच्याकडे जाऊन बसा. आपल्या घराबद्दल ते काय सांगतात ते मधे न बोलता ऐका, आणि जसंच्या तसं लिहून आणा.